त्वचेपासून सुरुवात

दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी सकाळी, खारदांड्यात माहेरच्या दारात मासळी साफ करताना माझ्या बायकोच्या उजव्या तळहातात शिंगाळ्याचा काटा घुसला. त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी अंधेरीच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर जंतुसंसर्ग आणि त्यामुळे अनेक अवयव निकामी होणं, असं कारण दिलं आहे. ती एकावन्न वर्षांची होती.

ती गोरेगाव पूर्वेच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. मृत्यूनंतर आपला देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, असं तिनं रीतसर लिहून दिलं होतं. हा मजकूर मुख्यतः त्या इच्छेबद्दल आहे.

शरीरातल्या संस्था ती दरवर्षी दिवाळीनंतर शिकवायला घ्यायची. पुस्तकातला क्रम काहीही असो, ती त्वचेपासून सुरुवात करायची. वर्गाला आपापल्या हाताची पाठ बघायला सांगायची. चिमटा काढा, सोडा, कातडी परत जागेवर जाते का बघा. मग विचारायची, "शरीरातला सगळ्यात मोठा अवयव कुठला?" पोरं ओरडायची, हृदय, पोट, मेंदू. एकजण हमखास "तोंड" म्हणायचा आणि शेजारच्या मुलीकडे बघायचा. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि सांगायची की ज्याला आत्ता चिमटा काढलात तो. "आधी कुंपण. कुंपण धड असलं तर आतलं घर धड." घाम, तेल, केस, नखं, स्पर्श, ऊन, थंडी हे सगळं या कुंपणाचं काम, आणि त्यातलं मोठं काम म्हणजे बाहेरचं बाहेर ठेवणं. जखम झाली तर आधी वाहतं पाणी आणि साबण, मग मोठ्या माणसाला सांगायचं. हे वाक्य ती मुलांकडून तीन वेळा म्हणून घ्यायची.

मी वर्तमानपत्रात होतो. बहुतेक वर्षं डेस्कवर. सकाळी घरी असायचो, म्हणून तिचं सामान शाळेत पोचवण्याचं काम माझ्याकडे होतं. श्वसनसंस्थेच्या दिवशी मी मटणवाल्याकडून बकऱ्याची फुप्फुसं आणायचो, श्वासनलिकेसकट. ती त्या नळीत रबरी नळी घालायची आणि सायकलच्या पंपानं हवा भरायची. गुलाबी, सुकल्यासारखा दिसणारा तो गोळा हळूहळू फुगत दोन्ही बाजूंना उघडायचा आणि अख्खा वर्ग मागे सरकायचा. एकदा मी दारात उभा असताना मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, माझे पप्पा हे खातात."

"मग पप्पांना सांग, नीट चावून खा," ती म्हणाली. "पचनसंस्था परवा आहे."

पचनसंस्थेसाठी ती मुलांना आरे कॉलनीत न्यायची. बस तबेल्याजवळ थांबायची. तिथे तिच्या ओळखीचा एक तबेलेवाला होता, तो एक शांत म्हैस धरून ठेवायचा आणि मुलं एकेक करून तिच्या डाव्या कुशीला कान लावायची. आत गडगड व्हायची. म्हशीच्या पोटाचे चार कप्पे आणि आपलं एकच, पण आपलं आतडं मोकळं केलं तर तुमच्या वर्गाच्या लांबीइतकं निघेल, असं ती सांगायची. तबेलेवाला दरवर्षी तोच विनोद करायचा, "मास्टरनीजी, इसका भी परीक्षा लोगे क्या?" आणि ती दरवर्षी तेच उत्तर द्यायची, "ये पास है. बच्चों का देखते हैं."

रक्ताभिसरणासाठी चार बाक मांडून हृदयाचे चार कप्पे केले जायचे. मैदानाच्या एका टोकाला फुप्फुसं, दुसऱ्या टोकाला शरीर. अर्ध्या मुलांकडे निळे रुमाल, फुप्फुसांपाशी पोचल्यावर ते देऊन लाल घ्यायचे. पळताना हमखास धडका व्हायच्या. "ए, तू अशुद्ध आहेस, उजवीकडून घुस ना रे! वाट लावली सगळ्याची!" तिची अट एकच होती, मागे यायचं नाही. चार कप्प्यांमधल्या झडपा म्हणजे वर्गातल्या सगळ्यात धिप्पाड मुली असायच्या. त्या कुणालाही मागे येऊ द्यायच्या नाहीत.

प्रजननसंस्थेचा धडा शाळेतले इतर शिक्षक "घरी वाचून या" म्हणून सोडून द्यायचे. ती दार लावून घ्यायची आणि शिकवायची, मुलं-मुली एकत्र बसवून. शेवटी सांगायची की या संस्थेचं काम प्रत्येक घरात पूर्ण होतंच असं नाही, त्यानं माणूस अर्धा ठरत नाही. आम्हाला मूल नव्हतं. मुलांना ते ठाऊक होतं. त्यावर कुणी कधी प्रश्न विचारला नाही.

तिला मधुमेह होता. "माझी अंतःस्रावी संस्था संपावर गेलीय," असं ती सांगायची. माझे वडील संपात नोकरी गेलेले गिरणी कामगार, मालवणकडचे. ते असेपर्यंत यावर दर वेळी विचारायचे, "मगे मागण्यो काय आसत?" ती म्हणायची, "गोड बंद, चालणं चालू." ते मान हलवायचे, "मान्य करून टाक गो. आमच्यो कोणी केल्यो नाय, काय झाला बघतंस ना."

देहदानाचं तिच्या मनात बरीच वर्षं होतं. तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीला मेडिकलला प्रवेश मिळाला, ती भेटायला आली आणि सांगून गेली की पहिल्या वर्षी शरीररचनेच्या वर्गात एका देहाभोवती इतकी गर्दी असते की मागच्यांना काही दिसत नाही. ती गेल्यावर बायकोनं चहाचे कप उचलले. मग म्हणाली, "अरे ऐक ना. मी आयुष्यभर बकऱ्याची फुप्फुसं दाखवली. एकदा माणसाची दाखवू या की."

"तू कशी दाखवणार?"

"मी काय करायचंय? मी नुसती पडून राहणार. आयुष्यातला पहिला निवांत तास."

आम्ही दोघांनी अर्ज भरले. एकमेकांच्या अर्जावर सह्या केल्या. कार्डं आली, ती कपाटात ठेवली. त्याच आठवड्यात ती आईला सांगायला दांड्याला गेली. मी बरोबर होतो.

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर मासळी विकली. थोरला मेहुणा बोटीवर जातो, धाकटा बर्फाच्या गाडीवर आहे. सासूबाई तेव्हा दारात बसून बोंबील निवडत होत्या. लेकीनं सांगितलेलं त्यांनी पूर्ण ऐकलं आणि टोपली बाजूला सारली.

"मेल्यावर पन माशासारकी कापून घेनार तू?"

"आये, तू रोज कापतेस ना? कोणी शिकलं का त्यातनं काही?"

"मी कापते ती खावाला. लोकांना दावाला नाय."

"मग मी दाखवायला. एवढाच तर फरक."

"फरक!" त्या माझ्याकडे वळल्या. "जावय, तुमी पन गप ऐकताव? मना नाय पटत. माजी पोर मेली तर या दारान् आंघोल घालीन, हिरवा लुगडा नेसवीन, गल्लीनं खांदा देईल, मंग जाईल ती. पोरांच्या टेबलावर नाय."

"मी काय आजच चाललेय का?" बायको हसत म्हणाली. "भात टाक, भूक लागलीय."

सासूबाईंनी भात टाकला. पण तो विषय त्यांनी सोडला नाही. पुढे दर भेटीत त्या विचारायच्या, "तो कागद फाडला का?" आणि ती म्हणायची, "शोधतेय, सापडत नाही."

शिंगाळा हा मासा बाहेरचे लोक फारसा घेत नाहीत. कोळ्यांच्या घरात आवडीनं शिजतो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे करवतीसारखे काटे असतात. बोटीवरच पक्कडीनं ते मोडायचे आणि मग मासा टोपलीत टाकायचा, अशी रीत आहे. त्या रविवारी मेहुण्याच्या जाळ्यात शिंगाळा बराच होता. एका माशाचा बाजूचा काटा अर्धाच मोडला गेला होता. बायको विळीवर बसली होती. मी ओट्यावर चहा पीत होतो. ती "स्स्" म्हणाली आणि हात झटकला. रक्त फार आलं नाही.

ज्या बादलीत मासळी धुतली जात होती तिच्यातच तिनं हात बुडवला. शेजारच्या घरातून हळद आणि चुना आला.

"लाव आनि बस," सासूबाई म्हणाल्या. "माज्या हातान् किती काटे गेले, इचार. एकबी दिस धंदा नाय चुकवला."

तिनं हळद-चुना लावला, चिंधी बांधली आणि उरलेला मासा साफ केला. दुपारी आम्ही जेवलो. संध्याकाळी गोरेगावला परतताना रिक्षात ती उजवा हात डाव्या हातात धरून बसली होती. मी विचारलं. ती म्हणाली, "ठणकतंय. होईल बरं. दांड्याच्या पोरींना काट्याचं कौतुक नसतं."

सोमवारी शाळा उघडली. ती गेली. पहिल्या तासाला तिनं त्वचेचा धडा घेतला. त्या तासाला काय झालं ते मला नंतर तिच्या वर्गातल्या मुलींनी आणि शेजारच्या वर्गावरच्या शिक्षिकेनं सांगितलं. दोन्हीकडचं सांगणं जुळतं, म्हणून इथे लिहितो.

तिनं चिंधी सोडली आणि सुजलेला तळहात वर्गाला दाखवला. कुंपणाला भोक पडलं की काय होतं ते बघा, म्हणाली. हे लाल दिसतंय, गरम लागतंय, म्हणजे आतले पोलीस पोचलेत. सूज आलीय, म्हणजे रस्ता अडवलाय. एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही साबणानं धुतलं का?" वर्ग हसला. तीही हसली. "नाही धुतलं," ती म्हणाली. "आईकडे गेलं की बाई सुद्धा पोर होते. तुम्ही मात्र धुवायचं. म्हणा." वर्गानं ते तीन वेळा म्हटलं.

मधल्या सुट्टीनंतर तिला थंडी वाजून ताप आला. शिक्षिकेनं मला फोन केला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या, शुगर तपासली, ती वाढली होती. रात्रभरात सूज कोपरापर्यंत चढली. मंगळवारी सकाळी तळहातावर जांभळे फोड होते. डॉक्टरांनी हात बघितला आणि बसायलाही सांगितलं नाही, थेट अंधेरीला न्या म्हणाले.

तिथे इमर्जन्सीतल्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "मासळीचं काम करता का?"

"नाही, शिकवते," ती म्हणाली. मग म्हणाली, "रविवारी केलं होतं."

खाऱ्या पाण्यातले काही जंतू अशा जखमेतून आत शिरतात, मधुमेह असेल तर फार वेगानं पसरतात, असं त्यांनी समजावलं. त्याच दिवशी ऑपरेशन करून हातावरचा खराब झालेला भाग काढला. ऑपरेशनला नेण्याआधी ती माझ्याशी बोलली. माझ्याशी झालेलं तिचं ते शेवटचं सलग बोलणं.

"किती कातडी काढणारेत, विचारलंस?"

"लागेल तेवढी, म्हणाले."

"कुंपणच काढतायत," ती म्हणाली. मग, "आईला नको सांगूस काट्यानं झालं म्हणून. शुगरनं झालं सांग. सांगशील ना?"

"सांगतो."

"आणि कार्ड कपाटात वरच्या खणात आहे. तुझ्या कार्डाच्या खाली."

"गप गं."

"बरं."

बुधवारपासून ती शुद्धीवर नव्हती. रक्तदाब टिकवण्यासाठी औषधं चालू केली, घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. नातेवाइकांना रोज सकाळी एकदा भेटून माहिती देण्याची तिथे पद्धत होती. एक तरुण डॉक्टर बाई आली, मला बाकावर बसवून स्वतः समोर उभी राहिली. "सर, आपण एकेक सिस्टीम घेऊ," म्हणाली. मग तिनं सांगितलं. हृदय औषधांच्या आधारावर चाललंय. फुप्फुसांत पाणी भरतंय, ऑक्सिजन वाढवावा लागतोय. मूत्रपिंडं लघवी तयार करत नाहीत, डायलिसिस लागेल. यकृताचे आकडे वाढलेत. रक्तातल्या प्लेटलेट कमी होतायत. मेंदूबद्दल आत्ता सांगता येत नाही, कारण झोपेचं औषध चालू आहे. त्वचेचं नाव तिनं घेतलं नाही. मी विचारलं. "ड्रेसिंगखाली आहे," ती म्हणाली. "उद्या बघू."

मी तिला विचारलं की यातलं नक्की काय आणि अंदाज काय. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मूत्रपिंडं नक्की. बाकी अजून लढतंय."

गुरुवारी सासूबाई आल्या. थोरला मेहुणा घेऊन आला. शुगरनं झालंय, असं मी फोनवर सांगितलं होतं. अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच सोडत. त्या आत जाऊन आल्या आणि बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या. पायात चपला नव्हत्या, आत जाताना काढल्या त्या परत घातल्या नव्हत्या.

"हात बांदलाय. सगला हात," त्या म्हणाल्या. "मना शुगर शुगर नका सांगू, जावय. तो काटाच हाय."

मी त्यांच्या चपला आणून पायाशी ठेवल्या.

"डॉक्टर काय बोलला?"

मी सांगू लागलो. मूत्रपिंडं बंद पडलीत, म्हणालो. म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. पाठीच्या बाजूला दोन असतात, रक्त गाळतात, घाण लघवीतून बाहेर टाकतात.

"गालनी," त्या म्हणाल्या.

"हो."

"आनि?"

यकृत. ते खाल्लेलं साठवतं, विष मारतं. फुप्फुसं. हवा आत घेतात, रक्ताला देतात. हृदय. ते सगळीकडे ढकलतं. मी बोलत गेलो आणि त्या एकेकाला मान हलवत गेल्या. बायकोच्या वर्गात मी इतकी वर्षं दारात उभा राहून ऐकलं होतं, ते जसंच्या तसं तोंडात येत होतं. चार कप्पे. झडपा. मागे यायचं नाही.

"ही पोरांना हेच शिकवत व्हती?"

"हेच."

"या सगल्या?"

"सगळ्या. या संस्था एकमेकींच्या आधारानं चालतात, असं सांगायची. एक थांबली की दुसरीवर ओझं येतं."

त्या बराच वेळ हातातल्या बांगड्या फिरवत बसल्या. मेहुणा समोर खिडकीशी उभा होता. मग त्यांनी विचारलं, "तो कागद हाय?"

"आहे."

"फाडला नाय तिनं."

"नाही."

"मना म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "द्या तिना. पोरांना शिकू दे. तिच्या मनान् हाय ना. मी आडवी नाय येनार."

मेहुणा खिडकीकडून वळला. "आये, काय बोलतेस तू?"

"तू गप रे. तुजी बहीन हाय, माजी पोर हाय." मग माझ्याकडे न बघता, "फकस्त तिथं नेताना हिरवा लुगडा नेसवा. मंग काढू देत, काय काढायचा तो. माज्या डोल्यांदेखत नको."

दुपारी मेहुण्यानं खाली जाऊन हिरवी साडी विकत आणली. ती पिशवी शुक्रवारपर्यंत सासूबाईंच्या मांडीवर होती.

शुक्रवारी सकाळी त्याच डॉक्टर बाईनं सांगितलं की झोपेचं औषध थांबवूनही मेंदूकडून प्रतिसाद येत नाही. दुपारी हृदय थांबलं. मी डॉक्टरांना वेळ विचारून घेतली.

त्यानंतर मी खाली आवारात जाऊन, आदल्या रात्री कपाटातून आणलेल्या कार्डावरच्या नंबरावर फोन केला. शरीररचना विभागातल्या एका बाईंनी उचलला. त्यांनी आधी सांत्वनाचे दोन शब्द म्हटले, मग प्रश्न सुरू केले. वय. मृत्यूची वेळ. नातेवाइकांची संमती आहे का, घरात कुणाचा विरोध नाही ना. मी सांगितलं, विरोध नाही. आईचीही संमती आहे. मग त्यांनी मृत्यूचं कारण विचारलं. डॉक्टरांनी दाखल्यासाठी लिहून दिलेले शब्द मी वाचून दाखवले.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"सर, सेप्टिक असेल तर आम्हाला घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "मुलांना आणि स्टाफला धोका असतो. नियम आहे."

मी म्हणालो, ती शिक्षिका होती. विज्ञानाची.

"हो सर. मला खरंच वाईट वाटतं. पण नाही घेता येत."

मी दुसऱ्या महाविद्यालयाला फोन केला. उत्तर तेच होतं. नेत्रपेढीला केला. रक्तात संसर्ग असेल तर डोळे घेत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्वचाही दान करता येते, हे मला तिच्याकडूनच ठाऊक होतं. त्वचापेढीचा नंबर शोधून तिथेही फोन केला. उत्तर तेच.

वर आलो. सासूबाईंनी पिशवी मांडीवरून उचलून हातात घेतली होती. त्यांना वाटलं, गाडी आली.

"घेत नाहीत," मी म्हणालो.

"कोन?"

"कॉलेजवाले. जंतू सगळ्या शरीरात पसरलेत. शिकणाऱ्या मुलांना लागण होईल, म्हणून घेत नाहीत."

त्यांना ते समजायला वेळ लागला. मी पुन्हा सांगितलं. मेहुणा जवळ आला आणि त्यानं त्यांचा खांदा धरला.

"मी हो बोलले ना," त्या म्हणाल्या. "आता मी हो बोलले ना, जावय. त्यांना सांगा, आय हो बोलली म्हनून."

मी सांगितलं होतं, असं मी म्हणालो.

त्या दिवशी संध्याकाळी तिला दांड्याला नेता आलं नाही. रुग्णालयानं संसर्गामुळे देह पूर्ण बांधून दिला आणि उघडू नये अशी सूचना दिली. आंघोळ घालता आली नाही. हिरवी साडी बांधलेल्या देहावर पसरली. अंधेरीच्या विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. दांड्याची गल्ली तिथे आली होती. शाळेतली मुलंही आली होती, गणवेशात, कारण शाळा सुटून ती थेट आली. गेल्या वर्षीच्या रक्ताभिसरणाच्या खेळात झडपा झालेल्या मुली पुढच्या वर्षी दहावीला जाणार होत्या. त्या भिंतीशी एका रांगेत उभ्या होत्या.

अस्थी मेहुण्याच्या बोटीतून समुद्रात सोडल्या. सासूबाई बोटीत आल्या नाहीत, बंदरावर बसून राहिल्या.

शाळेनं तिच्या जागी तात्पुरत्या शिक्षिका घेतल्या. त्यांनी मुलांना विचारलं की कुठपर्यंत झालंय. त्वचा झाली, असं मुलांनी सांगितलं. पुढचा तास त्यांनी रक्ताभिसरणाचा घेतला, फळ्यावर आकृती काढून. निळे आणि लाल रुमाल माझ्याकडे घरीच होते. मी ते शाळेत नेऊन दिले.

सासूबाई आता शिंगाळा विकत नाहीत. बाकी मासळी विकतात. थोरला मेहुणा काटे मोडण्याची पक्कड स्वतः हातात घेतो, दुसऱ्या कुणाला देत नाही.

नवीन वर्ष लागल्यावर एका सकाळी सासूबाई गोरेगावला आल्या. एकट्या आल्या, तशा त्या कधी येत नाहीत. पिशवीतून पापलेटं काढून त्यांनी फ्रीजमध्ये ठेवली, ओट्यावरची भांडी न विचारता घासली आणि मग खुर्चीवर बसल्या.

"तो कागद माजा करा," त्या म्हणाल्या.

त्या देहदानाच्या अर्जाबद्दल बोलत होत्या.

"मना शुगर नाय, बीपी नाय. सगला जागेवर हाय. वयाचा काय त्यांना, घेतील ना म्हातारीना?"

मी त्यांच्यासमोर विभागाला फोन केला. त्याच बाई होत्या. वयाची अडचण नाही, त्या म्हणाल्या. अर्जावर नातेवाइकांच्या दोन सह्या लागतात. मुलं असतील तर त्यातली एक पोटच्या अपत्याची हवी, मुलगा किंवा मुलगी, कुणीही चालेल.

मी अर्ज आणून दिला. सासूबाईंनी सही केली. त्यांना लिहिता येत नाही, फक्त सही येते. ती त्यांना लेकीनं शिकवली होती, ती स्वतः शाळेत असताना. अक्षरं मोठी आणि सुटी आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळी रेघ.

मग मी दांड्याला गेलो. धाकटा मेहुणा म्हणाला, दादा करील ते खरं. थोरला जाळं शिवत होता. त्यानं अर्ज हातात घेतला नाही.

"भाऊजी, ताई तुमची होती," तो म्हणाला. "तुम्ही केलंत ते केलंत, मी काय बोललो नाय. आई आमची आहे."

"त्यांची इच्छा आहे."

"ताईची पण होती ना. काय झालं?"

सासूबाई दारात बसून बोंबील निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. मी चहा घेतला आणि निघालो.

अर्ज आमच्या कपाटात वरच्या खणात आहे. त्यावर सासूबाईंची सही आहे आणि माझी आहे. अपत्याच्या सहीची जागा रिकामी आहे.